छातीचं माप

शहापूरच्या बाजारपेठेत मी एकेचाळीस वर्षं पुरुषांचे कपडे शिवले. लेडीज काम कधी घेतलं नाही. लोकांना वाटायचं मास्तर सोवळा आहे. तसं काही नव्हतं. ब्लाउजचा हात वेगळा असतो आणि तो मला कोणी शिकवला नव्हता. गेल्या वर्षी दुकान बंद केलं. एक मशीन घरी आणली. अजून कोणी जुनं गिऱ्हाईक पायजमा घेऊन आलं तर शिवून देतो, पण येतं कोण? तयार कपड्यांची दुकानं समोरासमोर झाली आहेत.

बाहेरच्या माणसाला वाटतं की शिंपीकाम म्हणजे कात्री आणि मशीन. खरं काम त्याच्या आधीचं. शर्टाला सात मापं लागतात. उंची, खांदा, बाही, गळा, छाती, पोट आणि सीट, म्हणजे बसायच्या जागेचा घेर. बाकीच्या मापांना पुरुष शांत उभा राहतो. छाती आणि पोट आलं की त्याचा श्वास बदलतो. छातीला तो हवा भरून घेतो, पोटाला आत ओढतो. तसेच आकडे घेतले तर शर्ट होतो, पण ज्या माणसाचा होतो तो माणूस घरी गेल्यावर उरत नाही. म्हणून मी टेप भोवती टाकली की काहीतरी विचारायचो. "लावणी झाली का?" किंवा "धाकट्याला नोकरी लागली का?" उत्तर द्यायला श्वास सोडावाच लागतो. तेवढ्यात आकडा बघायचा.

दुसरं म्हणजे आकडा मोठ्याने म्हणायचा नाही. माझे गुरू ओरडून सांगायचे आणि मी लिहायचो. एकदा एका शाळामास्तरांच्या पोटाचा आकडा त्यांनी असाच सांगितला. बाकावर बसलेले दोघे हसले. मास्तरही हसले, पण ते पुन्हा आमच्या दुकानात आले नाहीत. स्वतःचं दुकान टाकल्यावर मी आकडे मनात धरायला शिकलो. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की लिहायचो.

एक नवरदेव आठवतो. मुरबाडच्या बाजूचा, मामाला घेऊन आला होता. सूट शिवायचा होता. मामा दारातूनच म्हणाला, "मास्तर, याला जरा मानसात आना. नुसता बांबू हाय." मुलगा हसला. असं हसणं मी पुष्कळ पाहिलं आहे. त्यात हसू नसतं. मी मामाला समोरच्या टपरीवर चहा सांगायला पाठवलं. तो जाताच मुलगा हळूच म्हणाला, "खांद्याला आन छातीला काय भरता येतं का? पण कोनाला कळायला नको."

मी कोटाच्या आतल्या कॅनव्हासखाली कापसाचे दोन थर घातले, कडा विरळ करत नेल्या. कोट घातल्यावर तो रुंद दिसला. आरशासमोर बराच वेळ उभा राहिला. लग्न झालं. महिन्याभराने तो कोट हातावर टाकून परत आला.

"ते आतलं काढता येल का?"

"का रे? टोचतं?"

"नाय. बायको म्हनली, फोटोत कोन दुसराच हुबा हाय. मला हाय तोच बरा."

तो बाकावर बसून राहिला आणि मी अस्तर उसवून कापूस काढला. तो गेल्यावर कापसाचा तो ढीग टेबलावर बराच वेळ पडून होता. आहेस तोच बरा, असं मला कोणी म्हणालं नव्हतं. म्हणण्याइतकं जवळ मी कोणाला येऊ दिलं नव्हतं. त्याचं कारण इथे सांगायला हवं. ते टाळलं तर पुढचं काही खरं वाटणार नाही.

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे. चौदाव्या वर्षी माझी छाती वाढायला लागली, मुलींची वाढते तशी. आधी दुखायची. दुखायची थांबली, पण उतरली नाही. उन्हाळ्यात आम्ही सगळे नदीच्या डोहात पडून असायचो. एकाने मला पाण्यात मागून धरलं आणि वर येऊन सगळ्यांना सांगितलं, "अरे, हा तर बाय हाय." त्या दिवसापासून माझं नाव बाय पडलं. दहावीचा निकाल लागला तेव्हाही गावात पोरं म्हणाली, बाय पास झाली.

त्यानंतर मी कोणासमोर शर्ट काढला नाही. झोडणीच्या दिवसांत खळ्यावर सगळे उघडे असायचे आणि मी आत बनियन आणि वर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून भात झोडायचो. घाम यायचा, चक्कर यायची. वडील बघायचे, बोलायचे नाहीत. एकदा ते कल्याणला गेले होते, तिथून एक घट्ट विणीचं बनियन घेऊन आले. माझ्या मापाहून दोन नंबर लहान. माझ्या अंथरुणावर ठेवलं आणि बाहेर निघून गेले. या विषयावर आमच्यात झालेलं बोलणं ते एवढंच.

शिंपीकामाकडे मी कलेच्या ओढीने आलो नाही. मशीनवर माणूस वाकून बसतो, त्यामुळे त्याची छाती दिसत नाही. आणि स्वतःचे कपडे स्वतःला शिवता येतात. मी माझ्या शर्टांना दोन्ही बाजूंना झाकणवाले खिसे ठेवायचो, आतून जाड अस्तर लावून. लोक त्याला मास्तरची फॅशन म्हणायचे. काही तरुणांनी तसे खिसे मागितले आणि शिवून नेले.

एक स्थळ आलं होतं, टोकावड्याचं. मुलगी मला आवडली होती. बोलताना समोरच्याकडे सरळ बघायची. दोन्ही घरं तयार होती. साखरपुड्याचा दिवस ठरवायची वेळ आली आणि मी नकार कळवला. आईने विचारलं तेव्हा सांगितलं की आधी दुकान नीट चालू दे. त्या मुलीला वाटलं असेल की तिच्यात काही कमी निघालं. तिला कोणी खरं सांगितलं नाही. सांगू शकणारा एकटा मीच होतो.

पस्तिशीत एकदा धीर करून ठाण्याला एका डॉक्टरकडे गेलो. इथे कोणी ओळखीचं भेटेल म्हणून तिकडे. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "पुष्कळ पुरुषांना असतं. हा रोग नाही. फारच मनाला लागत असेल तर ऑपरेशन करता येतं. आणि कधी कडक गाठ लागली तर मात्र दाखवा, पुरुषांनाही तिथे कॅन्सर होतो." पाच मिनिटांत मी बाहेर आलो. ऑपरेशन केलं नाही. चार दिवस दुकान कशासाठी बंद होतं, हे बाजारात सांगावं लागलं असतं. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मात्र माझ्या नीट लक्षात राहिलं. ते लक्षात होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

एकटा माणूस सकाळी लवकर उठतो आणि त्याला कोणाशी बोलायचं नसतं. मी लिहायला लागलो तो असा. सहा ते नऊ. पॅटर्न कापायचे खाकी कागद उरायचे, त्यावर पेन्सिलीने लिहायचो. शाईने लिहिलं की खोडायला हात धजत नाही. दुकान उघडल्यावर मशीन चालवताना ती वाक्यं मोठ्याने म्हणायचो. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही. जिथे जीभ अडखळेल तिथे वाक्य चुकलेलं असतं. अशा नऊ-दहा कथा छापून आल्या. बाजारात फार जणांना माहीत नव्हतं. ज्यांना होतं ते म्हणायचे, मास्तर टाइमपास करतो.

हे ज्या अंकात छापलं जातंय त्याच्या संपादकबाईंनी माझ्या दोन कथा पूर्वी छापल्या होत्या. तिसरी पाठवली तेव्हा त्यांचा फोन आला. गिऱ्हाईक समोर उभं होतं.

त्या म्हणाल्या, "कथा चांगली आहे. पण एक विचारू? तुमच्या बायकांना घाम येतो, त्यांची कंबर दुखते, त्यांना भूक लागते. पुरुष मात्र नुसते बोलतात. त्यांना अंग का नाही?"

मी म्हटलं, "त्याची गरज वाटली नाही."

"तुम्ही जन्मभर पुरुषांच्या अंगाला टेप लावता आणि तुम्हाला गरज वाटत नाही?"

मी फोन ठेवला. रागाने नंतर दोन वर्षं त्यांना काही पाठवलं नाही. जुन्या कथा काढून पाहिल्या तेव्हा दिसलं की त्या बरोबर बोलत होत्या. माझ्या कथेतल्या पुरुषांना डोळे होते, आवाज होता, हात होते. गळ्याखाली मी कोणाला लिहिलंच नव्हतं.

आता काशिनाथभाऊंबद्दल. ते भातसानगरला राहायचे, धरणावर कामाला होते. दर दिवाळीला दोन शर्ट माझ्याकडे. वीस-बावीस वर्षांचा परिचय. दणकट माणूस, गावच्या जत्रेत कुस्त्या केलेला. माप द्यायला आले की सरळ शर्ट काढून उभे राहायचे. "बघ मास्तर, पन्नाशी गेली तरी उतरली नाय." मी त्यांना कधी श्वास सोडायला लावलं नाही. गरज नव्हती, ते भरून घेतच नव्हते. त्यांचं मला कौतुक वाटायचं आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. उघड्या अंगाने एवढं निवांत उभं राहणं मला स्वप्नातही जमलं नसतं.

एका दिवाळीला ते आले आणि शर्ट काढला नाही.

"असंच घे. थंडी वाजते."

ऑक्टोबरची दुपार होती. पंखा चालू होता. मी शर्टावरून टेप टाकली. डाव्या बाजूला स्तनाग्राजवळ टेपेखाली सुपारीएवढं काहीतरी कडक लागलं. माझी बोटं थांबली. काशिनाथभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेपेकडे पाहिलं. आमच्या दोघांच्या मध्ये एक हातभर अंतर होतं आणि दुकानात तिसरं कोणी नव्हतं.

ते म्हणाले, "या टायमाला जरा ढगळ ठेव. आन डाव्या खिशाला आतून अस्तर लाव. तुझ्यासारखं."

मी म्हटलं, "लावतो."

एवढंच. ते काय आहे, कधीपासून आहे, दाखवलं का, काही विचारलं नाही. मला ठाण्याच्या डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं, तोंडापर्यंत आलं होतं. पण ते बोललो असतो तर काशिनाथभाऊंनी विचारलं असतं, तुला रे कसं ठाऊक. मग माझ्या छातीवर बोलणं आलं असतं. मी त्यांचं माप लिहिलं, शर्ट शिवले, खिशाला दुहेरी अस्तर लावलं. इतकं नेटकं काम मी त्या वर्षी दुसरं केलं नाही.

पुढच्या दिवाळीला ते आले नाहीत. त्यांचा मुलगा रमेश आला. वाशिंदला कंपनीत होता तेव्हा, अजूनही आहे. तो म्हणाला, बाबांना मुंबईच्या हॉस्पिटलात ठेवलंय, पोटाचं काहीतरी आहे. पोट म्हणताना तो बाजूला बघत होता. माघात काशिनाथभाऊ गेले.

तेराव्याला मी गेलो. त्यांची बायको, सुमनवहिनी, आतल्या खोलीत बसल्या होत्या. मी नमस्कार करून निघणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "भावजी, दर दिवाळीला तुमी त्यांचं माप घेत होते. तुमच्या हाताला कदी काय लागलं नाय?"

मी म्हणालो, "नाय, वहिनी."

त्यांनी मान हलवली. मी बाहेर येऊन चपला घातल्या. स्टँडवर येईपर्यंत लक्षातच आलं नाही की एक चप्पल दुसऱ्याची होती.

याला आता पाच वर्षं होतील. मी हे लिहायचा प्रयत्न लगेचच सुरू केला होता. पहिल्या वेळी कथा लिहिली त्यात गाठ एका बाईला होती. चार पानं झाल्यावर कळलं की मी परत पळालो. दुसऱ्या वेळी माणूस पुरुषच ठेवला, पण त्यातला शिंपी वेळेवर बोलतो आणि माणूस वाचतो. ती कथा मी पूर्णही केली. मोठ्याने वाचताना जीभ कुठेच अडखळली नाही, इतकी ती गुळगुळीत होती. फाडून टाकली. तिसऱ्या वेळी शिंपी गप्प राहतो असं लिहिलं, पण का गप्प राहतो ते लिहिता येईना. त्या जागी मी दर वेळी पाऊस आणायचो किंवा गिऱ्हाईक आणायचो.

दुकान सोडायच्या आधीच्या आठवड्यात, बाजार बंद असलेल्या दिवशी, मी शटर आतून खाली ओढलं. ट्रायल रूममध्ये दिवा लावला. तो आरसा मी इतक्या वर्षांत स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. शर्ट काढला, बनियन काढलं. खाकी कागद स्टुलावर ठेवला आणि दिसेल ते लिहायचं ठरवलं. पहिली दहा मिनिटं पेन्सिल चालली नाही. मी आरशाऐवजी खुंटीकडे बघत होतो.

मग लिहिलं. खांदे पुढे आलेले, मशीनमुळे. गळ्याखाली उन्हाची रेघ, तिच्या खाली कातडी फिकट, कारण तिला ऊन लागलेलंच नाही. छातीवर पांढरे केस. दोन्ही बाजू ओघळलेल्या. नीट बघितल्यावर लक्षात आलं की ही आता साध्या म्हाताऱ्या माणसाची छाती होती. माझ्या वयाच्या किती गिऱ्हाइकांची अशीच असते, मी हातांनी जाणतो. ज्या गोष्टीसाठी मी लग्न केलं नाही, ती वयाने निम्म्या बाजाराला देऊन टाकली होती. मी स्वतःचं माप घेतलं. अडतीस. तो आकडा रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणून पाहिला.

वर जे लिहिलं आहे ते त्या दिवसापासून लिहीत गेलो. संपादकबाईंना आपणहून फोन केला. त्या म्हणाल्या, "कथा नको. धंद्याबद्दल लिहिताय असं समजा आणि सरळ लिहा." लिहून झालं. पण छापायच्या आधी वहिनींना वाचून दाखवणं भाग होतं.

धरणावरची क्वार्टर सोडून त्या आता गावी राहतात, किन्हवलीच्या पुढे. गेल्या श्रावणात मी एसटीने गेलो. वहिनी पडवीत विळीवर कंटोळी चिरत होत्या. त्यांचा चष्मा फुटला होता, म्हणून मीच वाचलं. माझ्या लहानपणापासून तेराव्यापर्यंत सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. चिरणंही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मला ठावं होतं."

"काय?"

"तुमच्या हाताला गाठ लागली ते. त्या दिवशी दुकानातून आले ते खुशीत होते. म्हनले, मास्तरला लागली, पन तो काय बोलला नाय. जलमभर छात्या मोजतो तो, वंगाळ असती तर बोलला असता. मी त्याच्या आदी रोज सांगत होते, डाक्टरकडं चला. त्या दिवसापासून माझं ऐकलंच नाय."

मी इतकी वर्षं समजत होतो की मी फक्त गप्प राहिलो. काशिनाथभाऊ माझं गप्प राहणं उत्तर समजून घरी घेऊन गेले होते.

मी विचारलं, "मग तेराव्याला मला का विचारलंत?"

"बघत होते, तुमी सांगता का."

"नाही सांगितलं मी."

"नाय सांगितलं." त्यांनी टोपली बाजूला सरकवली. "आता सांगितलंत. लय टाइम लागला."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी मागितलंही नाही. त्यांनी चहा टाकला. कप देताना म्हणाल्या, "त्यांचं नाव बदलू नका. आन रमेश येल आता, त्यालाबी वाचून दाखवा. तो लोकांना अजून पोटाचा आजार म्हनून सांगतो."

रमेश आला. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. तो भिंतीला टेकून जमिनीकडे बघत ऐकत होता. झाल्यावर उठला आणि म्हणाला, "चला, तुमाला स्टॉपवर सोडतो."

मी त्याच्या गाडीवर मागे बसलो. स्टॉपवर कोणी नव्हतं. एसटीला वेळ होता. त्याने गाडी बंद केली.

"मास्तर, तुमचं ते अजून तसंच हाय?"

आयुष्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. "हाय," मी म्हटलं.

"दुकतं?"

"नाय."

"परत कदी दाखवलं?"

"पस्तिशीनंतर नाय."

तो हँडलशी चाळा करत राहिला. "डाक्टरनी तवा मला सांगितलेलं, बापाला झालंय तर तू पन एकदा तपासून घे. मी गेलोच नाय. लाज वाटली." मग म्हणाला, "सोमवारी माझी सेकंड शिफ्ट हाय. सकाळी येतो. दोघं जाऊ."

सोमवारी तो आला. शहापूरच्याच दवाखान्यात बाकावर आम्ही आठ-दहा माणसांबरोबर बसलो, बहुतेक बायाच. डॉक्टर तरुण मुलगी होती. रमेश म्हणाला, "तुमी आदी." मी आत गेलो, पडद्यामागे बटणं सोडली आणि टेबलावर पडलो. तिने हाताने तपासलं, काय काय विचारलं, आणि मला सगळ्याची उत्तरं देता आली. माझ्यानंतर रमेश गेला. दोघांचंही काही निघालं नाही. त्याला तिने सांगितलं, वर्षातून एकदा दाखवत जा, आणि मध्ये काही हाताला लागलं तर थांबू नका.

बाहेर आल्यावर त्याने गाडीला किल्ली लावली, पण चालू केली नाही.

"किती येळ लागला आपल्याला? पंधरा मिंटं?"

"तेवढीच," मी म्हणालो.

त्याने गाडी चालू केली आणि तो ड्यूटीला गेला. मी बाजारातून चालत घरी आलो.